चार ताडपत्र्या आणि दुसरा भाग

सिनेमाचा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा असू शकतो का, या प्रश्नावर मी तीसेक वर्षं खोटं बोललो. बोललो ते एकाच माणसाशी, माझ्या थोरल्या भावाशी. बाकी जगाला मी खरं काय ते सांगत होतो, पण बाकी जगाने मला कधी विचारलं नाही.

सिनेमा म्हणजे गुन्हेगार घराण्याचा तो जगप्रसिद्ध सिनेमा. नाव घेत नाही. नाव घेतलं की आमच्या घरात अजून सगळे जेवता जेवता थांबतात आणि माझ्याकडे बघतात.

त्याच्या पहिल्या भागाने दादाला झपाटलं होतं. नरपडला आमची चिकूची वाडी. दादा तेव्हा सत्तावीस वर्षांचा, मी वीस. डहाणूला एका ओळखीच्यांकडे व्हिडिओवर आम्ही तो पाहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून दादा हळू आवाजात बोलायला लागला. चिकूचा व्यापारी आला की त्याला ओट्यावर बसवून ठेवायचा, स्वतः आत नुसता बसून राहायचा, मग सावकाश बाहेर येऊन काहीतरी पुटपुटायचा. व्यापारी गुजराती. तो म्हणायचा, "शेठ, जरा मोठ्याने बोला ने." नवी लग्न होऊन आलेली वहिनी आतून ओरडायची, "घसा बसलाय त्यांचा! हळदीचं दूध देते तर घेत नाहीत!" घराण्याचा प्रमुख कसा असावा हे दादा त्या सिनेमातून शिकला. घराण्याने मात्र तो सिनेमा पाहिलेला नव्हता, ही अडचण होती.

पुढच्या वर्षी मी वापीला एका मित्राच्या खोलीवर दुसरा भाग पाहिला. एकटाच. आणि घामाघूम झालो.

दुसऱ्या भागात दोन गोष्टी शेजारी शेजारी चालतात. एक बापाची: तो गरीब पोर म्हणून परक्या मुलखात कसा आला आणि मोठा कसा झाला. दुसरी मुलाची: त्या मोठेपणाच्या खुर्चीत बसून तो एकेका माणसाला कसा मुकत गेला. पहिल्या भागात खुर्ची मिळते, दुसऱ्यात खुर्ची बसणाऱ्याला खाते. म्हणून मला तो पहिल्याहून काकणभर सरस वाटतो. तेव्हाही वाटला होता. पण त्यात भाऊ भावाला दगा देतो. घरातली गोष्ट बाहेर सांगतो. का, तर त्याला कोणी मोजलं नाही, कामाचं काही दिलं नाही म्हणून. आणि शेवटी त्याला होडीतून मासे धरायला नेतात, आणि परत आणत नाहीत.

घरी आलो तर दादा वाटच बघत होता. "पाहिलास? कसा आहे?"

"भिकार," मी म्हणालो. "शिळी भाकरी."

"होतं काय त्यात?"

माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला आजही लाज वाटते. "सगळे सुधारतात," मी म्हणालो. "धंदा सोडून गावाकडे जातात आणि द्राक्षाची बाग लावतात."

दादा हादरला. "बागायती करतात?"

"हो."

"मग मी काय वेगळं करतोय?" असं म्हणून तो चिकूच्या झाडांकडे बघत राहिला. त्याने दुसरा भाग पाहायचं नाव तीस वर्षं काढलं नाही.

मी का खोटं बोललो, ते आता सांगतो. बायकोलासुद्धा हे मी मागच्या दिवाळीपर्यंत सांगितलं नव्हतं.

दादा चोवीस वर्षांचा असताना त्याच्या डोक्यात तंबूतला सिनेमा होता. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते. पाळणे, मिठाई, भांडी, बांगड्या, डोंगरपट्टीतल्या पाड्यापाड्यांतून माणसं येतात. तिथे पडदा लावायचा, हे दादाचं स्वप्न. मशीन आणि रिळं घेऊन येणारा एक माणूस त्याने ठरवला होता. तंबू मात्र नव्हता. आमचे वडील चिकूबरोबर गवताचाही व्यापार करायचे आणि त्यांच्या गंजींवर चार मोठ्या ताडपत्र्या असायच्या. चैत्रात पाऊस कुठला? आठ दिवस त्या काढल्या तर कुणाला कळणार?

या कटात दादाबरोबर त्याचा जिवाभावाचा मित्र होता. तो तलासरीकडच्या एका पाड्यावरचा, वारली, आमच्या गवताच्या टेम्पोचा ड्रायव्हर. दोघे शाळेपासूनचे दोस्त. ड्रायव्हर मालकाच्या मुलाला अरेतुरे करतो हे वडिलांना खपायचं नाही, म्हणून तो वडिलांसमोर तोंडच उघडायचा नाही.

आणि तिसरा मी. सतरा वर्षांचा. मला वाटत होतं, मशीनजवळ उभा राहीन, रिळं बदलीन, निदान भोंग्यावरून ओरडेन. आदल्या दिवशी मी दादाला विचारलं, "मी काय करू?"

"तू दाराशी उभा राहून तिकिटं फाड," दादा म्हणाला.

बस, एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. सदतीस वर्षं शोधतोय, सापडत नाही. त्याच संध्याकाळी मी गंजीपाशी जाऊन वडिलांना सांगितलं, "बाबा, ताडपत्र्या उद्या जत्रेला चालल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी चारही ताडपत्र्या गड्यांकडून उतरवून घेतल्या, नीट घड्या घातल्या, एकावर एक रचल्या आणि स्वतः त्यांच्यावर जाऊन बसले. गुजराती पेपर वाचला. मग मराठी पेपर वाचला. जेवण तिथेच मागवलं. दुपारी तिथेच आडवे झाले. कुंपणाबाहेर टेम्पोत दादा आणि त्याचा मित्र दिवसभर बसून होते, वडील कधी उठतात याची वाट बघत. वडील एकदाच उठले, ते लघवीला, आणि तेव्हा मला बसवून गेले.

संध्याकाळी टेम्पो रिकामा निघून गेला. तिकडे विवळवेढ्याला मशीनवाला वाट पाहून दुसऱ्याच्या तंबूत गेला. वडिलांनी मरेपर्यंत या विषयावर चकार शब्द काढला नाही.

सांगितलं कोणी, हे दादाने कुणालाच विचारलं नाही. आपल्या मनाशीच ठरवलं. तिघांना माहीत होतं. एक तो स्वतः. दुसरा सख्खा भाऊ. मग उरला कोण? ज्याचं पोट वडिलांच्या टेम्पोवर होतं तो. संशय घ्यायला सोपा माणूस. दादाने त्या दिवसापासून मित्राशी बोलणं टाकलं. मित्राने चार दिवस वाट बघितली, पाचव्या दिवशी टेम्पोची चावी ओट्यावर ठेवली आणि गेला. मी ती चावी उचलून आत खिळ्याला अडकवली. हे काम मी फार नीट केलं.

पुढे मी मास्तर झालो. बदल्यांमागून बदल्या होत होत बारा वर्षांपूर्वी तलासरी तालुक्यातल्या एका शाळेवर मुख्याध्यापक म्हणून हजर झालो, आणि शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून समोर कोण यावं? तोच. केस पिकलेले, अंगात पांढरा सदरा, गळ्यातल्या दोऱ्याला शाळेची किल्ली. मला वाटलं, आता हा बोलेल. तो म्हणाला, "गुरुजी, पाण्याची टाकी गळते. ते आधी बघा."

बारा वर्षं आम्ही टाकी, छप्पर आणि खिचडी यांवर बोललो. दादाचं नाव त्यानेही काढलं नाही, मीही नाही. एकदाच एक पत्रिका माझ्या हातात दिली, "तुमच्या भावाला द्या." लग्नाची पत्रिका. त्यांच्यात असं असतं: लग्नाला खर्च फार, म्हणून संसार आधी सुरू होतो आणि लग्न जमेल तेव्हा. कधी कधी बापाचं राहिलेलं लग्न मुलाच्या लग्नाच्याच दिवशी, त्याच मांडवात उरकतात. पत्रिकेवर वर म्हणून त्याचंही नाव होतं आणि त्याच्या मुलाचंही. मी पत्रिका दादाला नेऊन दिली. दादाने वाचली, घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. मी मात्र लग्नाला गेलो. पोटभर जेवलो. अध्यक्षांनी मला आग्रह करकरून वाढलं.

आता मागच्या दिवाळीकडे येतो.

दादा एकसष्टचा झाला, वाडी त्याने मुलाच्या हाती दिली आणि एका मांडव-डेकोरेशनवाल्याकडून जुना प्रोजेक्टर घेऊन आला. हा माणूस तंबू विसरला नव्हता. मला म्हणाला, "मास्तर, येत्या चैत्रात विवळवेढ्याला पडदा लावायचा. पण आधी चाचणी पाहिजे. तुझ्या शाळेचा मोठा वर्ग सुट्टीत रिकामाच ना?"

मी गडबडलो. "तिथे लाइट जाते."

"इन्व्हर्टर आणतो. आणि पहिला शो ठरलाय. दुसरा भाग."

"कशाचा दुसरा भाग?" मला सगळं कळलं होतं, तरी विचारलं.

"अरे, सगळं जग म्हणतं, दुसरा पहिल्याच्या तोडीचा आहे! पोराने मोबाइलवर दाखवलं मला. तू द्राक्षाची बाग म्हणाला होतास ना? त्यात द्राक्षं कुठेच नाहीत, पोरगा म्हणतो."

"ती वेगळी कॉपी असेल," मी म्हणालो.

"असो. तू शेजारी उभा राहून मराठीत सांगायचं. माझं इंग्रजी तुला माहीत आहे."

एक गोष्ट बरी होती. अध्यक्ष दिवाळीत मुलीकडे जाणार होते. मी त्यांच्या सुनेकडून किल्ली घ्यायची असं ठरवून टाकलं.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दादा, वहिनी, प्रोजेक्टर आणि करंज्यांचा डबा असं सगळं गाडीतून उतरलं. मागून दादाने खिडक्या झाकायला काहीतरी निळं काढलं. ताडपत्र्या. मोजल्या नाहीत, पण चार होत्या.

आणि वर्गाच्या दारात अध्यक्ष उभे. गळ्यात किल्ली. मागे पाड्यावरची दहा-बारा माणसं.

"मुलीकडे गेला नाहीत?" मी विचारलं.

"सिनेमा आहे म्हणाली सून. मुलगी काय, उद्यापण आहे."

दादाने त्यांना बघितलं. त्यांनी दादाला बघितलं. मग दादा पडद्याकडे वळला आणि ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. त्या वर्गात दुभाषा इंग्रजी-मराठीतच नाही, या दोघांतही लागणार होता.

सिनेमा सुरू झाला. पहिलं मिनिटभर मी बरा सांगत होतो. मग गोष्ट मागे गेली, बाप पोरगा झाला, आणि दादा गोंधळला.

"हा कोण? आत्ता जो खुर्चीत होता तो?"

"नाही दादा, हा त्याचा बाप."

"बाप तर पहिल्या भागात मेला!"

मागून आवाज आला. "गुरुजी, तुमच्या भावाला सांगा. एका मांडवात दोन लग्नं आहेत. इकडे बापाचं, तिकडे पोराचं. आळीपाळीने बघायचं."

मला इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ सांगता आलं नव्हतं. पाड्यावरची माणसं माना डोलावायला लागली. त्यांना पुढे एकदाही शंका आली नाही. पोट भरायला परमुलखात गेलेला बाप तर त्यांना घरचाच वाटला. "हा वसईकडे वीटभट्टीवर गेल्यासारखा गेला बघ," एक म्हातारी म्हणाली.

दादा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "मास्तर, त्याला सांग, मला समजतं."

मी वळून अध्यक्षांना म्हणालो, "त्यांना समजतं."

"ऐकलं मी," अध्यक्ष म्हणाले. "मराठीतच बोलला तो."

मग तो दगा देणारा भाऊ पडद्यावर आला आणि मी जे ठरवून आलो होतो ते केलं.

"हा कोण?" दादाने विचारलं.

"हा त्याचा साडू."

थोडा वेळ ठीक गेलं. पण पडद्यावर ते लोक उठता बसता 'ब्रदर' म्हणतात, आणि हा शब्द आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतो.

"भावजी," वहिनी करंजी मोडत म्हणाली, "तो ब्रदर म्हणाला."

"तिकडे साडूला ब्रदरच म्हणतात, वहिनी."

"आणि साडू त्यांच्या आईशी मुलासारखा वागतो?"

"प्रेमळ आहे."

"माझ्या बहिणीचा नवरा सासूच्या मयतालासुद्धा उशिरा आला होता," वहिनी म्हणाली. "तुमच्या आईच्या तर दहाव्यालाच उगवला." आणि मला वाटतं त्याच क्षणी तिला संशय आला, कारण पुढे तिने करंजी खाल्ली नाही.

म्हातारी विचारायला लागली, साडू त्याच्याच घरात का राहतो. कुणी म्हणालं घरजावई असेल. दुसरा म्हणाला घरजावई साडू कसा. मी घामाने भिजलो होतो. मी एका साडूला वाचवत होतो आणि तो माझ्या हातून सुटत होता.

मग तो प्रसंग आला. तो दगा देणारा भाऊ खुर्चीत मागे रेलतो आणि आपलं दुखणं बोलून दाखवतो. मी त्याच्या तोंडी काहीतरी शेअर बाजाराबद्दल घातलं. पडद्यावरचा माणूस जवळजवळ रडत होता आणि मी मराठीत म्हणत होतो, "शेअर पडले, शेअर पडले."

"गुरुजी," मागच्या बाकावरून अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "नीट सांगा. काय बोलतोय तो?"

सदतीस वर्षांत त्या माणसाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न, टाकी सोडून.

मी पडद्याकडे बघत उभा राहिलो. आणि माझ्या तोंडून, त्या माणसाचे ओठ हलत होते तोवरच, आलं: "तो म्हणतोय, मी त्याचा भाऊ आहे. सख्खा. मला कोणी काही विचारलं नाही. मला म्हणाले, दाराशी उभा राहून तिकिटं फाड. मला राग आला. म्हणून मी बाबांना जाऊन सांगितलं, ताडपत्र्या जत्रेला चालल्यात. ड्रायव्हरने नाही सांगितलं. मी सांगितलं. त्याने चावी ठेवली ती मीच उचलली, आणि गप्प बसलो."

पडद्यावरचा भाऊ केव्हाच बोलायचा थांबला होता.

"अमेरिकेत ताडपत्री?" म्हातारी म्हणाली.

वहिनीने डब्याचं झाकण लावलं. दादाने प्रोजेक्टर बंद करायला हात घातला, पण त्याला बटण सापडेना. पडद्यावर भाषांची यादी आली, मग माणसांचे चेहरे हिरवे झाले, मग परत नीट झाले. शेवटी तो म्हणाला, "चालू दे. पुढे सांग."

मी पुढे सांगितलं. खरं सांगितलं, सगळं. साडूचा भाऊ केला, तेव्हा पाड्यावरच्या लोकांनी हरकत घेतली नाही, त्यांनी तो केव्हाच केला होता. शेवटी पाणी आलं, होडी आली, गळ आले. त्या भावाचं काय होणार हे सगळ्या वर्गाला कळलं आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी सिनेमा संपेपर्यंत भिंतीवरच्या पाढ्यांकडे बघत उभा होतो. सतराचा पाढा.

दिवा लागला. दादा उठला. मला वाटलं माझ्याकडे येतोय. तो माझ्या बाजूने निघून शेवटच्या बाकाशी गेला. लहान मुलांचं बाक; अध्यक्ष गुडघे छातीशी घेऊन बसले होते.

"तुला माहीत होतं?" दादाने विचारलं. आवाज हळू. या वेळी तो सिनेमातला नव्हता.

"होतं."

"कसं?"

"तू डुलक्या घेत होतास, मला टेम्पोतून दिसत होतं सगळं. हा पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तुझ्या बापाने याच्या डोक्यावर हात ठेवला. तुझा बाप कुणाच्या डोक्यावर हात ठेवणारा होता काय?"

हे मात्र मी इथेही लिहिणार नव्हतो. तो हात मला आठवत होता. वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तो तेवढा एकदाच, आणि मी तो कुणालाही सांगितला नव्हता, कारण तो मला फार आवडला होता.

"मग बोलला का नाहीस?" दादा म्हणाला.

"तू विचारलंस कुठे? तू निकालच दिलास. आणि सांगून काय, भावाला भावापासून मी तोडू?"

दादाने बाकावर हात टेकला. बाक डुगडुगलं. मग म्हणाला, "तुझ्या लग्नाला आलो नाही मी."

"माझ्याही नाय, पोराच्याही नाय. एका मांडवात दोन बुडवलीस."

यावर पाड्यावरचे लोक हसले. आधी एकटी म्हातारी हसली, मग सगळे. वहिनीने पदर तोंडाला लावला. दादा हसला नाही, पण त्या एवढ्याशा बाकावर तो मित्राशेजारी बसायला गेला, आणि दोघांना जागा पुरेना, म्हणून दोघेही अर्धे अर्धे बाहेर लोंबत बसले. वहिनीने डबा पुन्हा उघडून त्यांच्या पुढे धरला. मला करंजी कुणी दिली नाही.

जाताना दादा गाडीच्या खिडकीतून फक्त एवढंच म्हणाला, "उद्या सकाळी नरपडला ये. होडी सांगितलीय. मासे धरायला जाऊ."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "जा," ती म्हणाली. "तुला पोहता येतं ना?"

"नाही."

"मग चष्मा घरी ठेवून जा. नवीन आहे."

सकाळी किनाऱ्यावर गेलो तर दादा होता, होडीवाला होता, आणि तलासरीहून पहिल्या गाडीने आलेले अध्यक्ष होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मला मधे बसवलं. होडी आत गेली. किनारा लहान झाला, सुरूची झाडं काड्यांएवढी झाली. मला मळमळायला लागलं. तो समुद्र होता की मन, सांगता येणार नाही; नाश्ता मात्र गेला.

दादा माझ्या पाठीमागे उठून उभा राहिला. मी डोळे मिटले.

"सर जरा," दादा म्हणाला. "जाळं तुझ्या बुडाखाली आहे."

मासे फारसे मिळाले नाहीत. दोघे सारखे बोलतच होते, मासे पळणार नाहीत तर काय. तंबू केवढा हवा, पडदा कुठल्या दिशेला, खांब बांबूचे की सागाचे. सदतीस वर्षांपूर्वी टेम्पोत बसून त्यांनी जे जे ठरवलं होतं ते दोघांनाही पाठ होतं, आणि फक्त एका बाबतीत वाद झाला, जनरेटर कुठे ठेवायचा. तेव्हा जनरेटर ठरवलाच नव्हता. दोन तास मी त्यांच्या मधे बसून होतो. मला एकदाही दुभाषा व्हावं लागलं नाही. परत किनाऱ्याला लागताना मी म्हणालो, "दादा, मला काहीतरी बोल."

"काय बोलू?" तो म्हणाला. "तीस वर्षं मला द्राक्षाची बाग सांगितलीस. एवढा चांगला सिनेमा!" ताडपत्रीचा शब्द नाही. राग होता तो द्राक्षांचा. किंवा द्राक्षांवर काढायला सोपा होता. मी जास्त विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही, हे आता तुमच्याही लक्षात आलं असेल.

चैत्रात विवळवेढ्याला तंबू उभा राहिला. निळा. वारा आला की फुगायचा. आत मराठी सिनेमे दाखवले. दुसरा भाग दाखवायचा दादाचा आग्रह होता, पण अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी परत सांगायला उभे राहतील," आणि विषय संपला. मशीन दादाकडे. भोंगा अध्यक्षांकडे, त्यांचा आवाज जत्रेच्या दुसऱ्या टोकापर्यंत जात होता.

मी पहिल्या दिवशी जाऊन विचारलं, "मी काय करू?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दादाने खिशातून तिकिटांचं पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं.

चोपन्नाव्या वर्षी मी तंबूच्या दाराशी उभा राहिलो. माझे विद्यार्थी आले, त्यांचे आईबाप आले, ती म्हातारी आली. "गुरुजी, तुम्ही?" सगळे विचारत होते. गर्दी एवढी की मला नीट बघायलाही सवड नव्हती, मी भराभरा फाडत सुटलो. एकदा दादा मशीन सोडून बाहेर डोकावला, माझ्या मागे थोडा वेळ उभा राहिला.

"अरे," तो म्हणाला, "सगळं तिकीट फाडून खिशात काय घालतोस? अर्धं त्यांना परत द्यायचं असतं."